वजन काट्यावर बरोबर, मग साखर का चढली?

प्रश्न : डॉक्टर ताई, मी रावेर तालुक्यातल्या एका गावची. वय ४१. घरची केळीची बाग आहे. मिस्टर शेती बघतात, मी घर सांभाळून शिवणकाम करते. उंची १५५ सें.मी., वजन ५४ किलो. गावात तपासणी शिबिर झालं त्यात साखर जास्त निघाली, म्हणून जळगावला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी ६.१. सोनोग्राफीत लिव्हरवर थोडी चरबी आहे असं लिहिलंय. शिवणाच्या टेपनं पोट मोजलं तर ८८ सें.मी. भरलं. सासूबाई म्हणतात, "तुले कायची शुगर? काडी त आहे तू!" माझ्या आईला शुगर होती, शेवटी किडन्या खराब होऊन ती गेली. मावशीलाही आहे. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती, पण नंतर नॉर्मल आली म्हणून आम्ही ते विसरून गेलो. आता भावानं मोबाइलवर बातमी पाठवली की मधुमेह पोटाच्या चरबीतल्या जनुकांमुळे होतो. तो म्हणतो, आपल्या रक्तातच आहे तर चालून-फिरून काय उपयोग? ओळखीच्या एकानं जनुक तपासणीचं पंधरा हजारांचं पॅकेज सांगितलंय. ते करू का? माझी मुलगी १५ वर्षांची आहे. तिची मान काळी पडलीय, कितीही घासली तरी जात नाही. तिलाही होणार का? घरची केळी खायची की सोडायची? आठवड्यातून तीन-चार रात्री मोटारीची वीज रात्री येते, तेव्हा मिस्टरांबरोबर मलाही उठावं लागतं आणि झोप होत नाही, तेही लिहून ठेवते.

उत्तर : ताई, पत्र लिहिलंत आणि त्यात टेपनं मोजलेलं मापही लिहिलंत, हे फार चांगलं केलंत. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच आहे. वजनाचा नाही, साखरेचाही नाही, तो ८८.

आधी घाबरणं कमी करते. तुम्हाला मधुमेह झालेला नाही. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ५.७ ते ६.४ असेल तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. मधुमेह म्हणायला उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ लागतो. देशभरात केलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक तुमच्यासारखे आधीच्या टप्प्यावर आहेत. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतही नाही. तुम्हाला माहीत झालं आणि वेळेत झालं.

आता सासूबाईंचं म्हणणं. काट्यावर त्या बरोबर आहेत. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.५ येतो, आणि आपल्या लोकांसाठी ठरवलेली २३ ची मर्यादाही तुम्ही ओलांडलेली नाही. पण काटा फक्त एकूण भार सांगतो. त्यात हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी कुठे बसली आहे, हे तो सांगत नाही. भारतीय बायकांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा ८० सें.मी. आहे, पुरुषांसाठी ९०. तुम्ही त्याच्या आठ सें.मी. पुढे आहात आणि हे साडीत लपून जातं. (माप घेताना परकराची नाडी जिथे बांधता तिथे टेप लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा, श्वास सहज सोडून. तुम्ही शिवणकाम करता, एवढं बारीक माप तुम्हाला सांगायला नको.)

यावर पुण्याचंच एक उदाहरण आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आकडे छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं पुष्कळ कमी जन्मतात, पण ही घट असते ती मुख्यतः स्नायूंमध्ये. चरबी त्या मानानं टिकून राहते. म्हणजे 'बारीक पण चरबीदार' ही ठेवण आपल्यात जन्मापासून दिसते. तुमच्या घरात जे चाललंय ते यात चपखल बसतं.

आता भावानं पाठवलेल्या बातमीकडे येते. बातमी खोटी नाही, पण तिचा अर्थ त्यानं उलटा लावला.

चरबी म्हणजे नुसता साठा, असा समज बरीच वर्षं होता. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं. भूक आवरणारं हे संप्रेरक चरबीच्या पेशीच तयार करतात. तेव्हापासून चरबीकडे काम करणारा अवयव म्हणून बघतात. चरबी अॅडिपोनेक्टिन नावाचं आणखी एक संप्रेरक बनवते, आणि ते इन्सुलिनचं काम सोपं करतं. पोटाच्या आतली चरबी वाढली की रक्तातलं हे अॅडिपोनेक्टिन कमी होतं. उलट, फुगलेल्या चरबीपेशींमध्ये दाह (आतल्या आत धुमसणारी सूज) वाढवणारी जनुकं जास्त काम करू लागतात. त्यातलं टीएनएफ-अल्फा हे रसायन लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत १९९३ मध्येच दाखवलं गेलं. २००३ मध्ये कळलं की अशा चरबीत रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि त्या दाह चालू ठेवतात. या सगळ्यानं स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देईनासे होतात.

पण चरबी म्हटली की सगळी वाईटच, असंही नाही. ज्यांच्या शरीरात जन्मतः चरबीच जवळजवळ बनत नाही अशी काही विरळ माणसं असतात. ती हाडकुळी दिसतात आणि त्यांना फार जोरदार मधुमेह होतो. चरबी ठेवायला योग्य जागाच नसते, म्हणून ती यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते. तुमच्या घरातली कणगी भरली की उरलेलं धान्य ओसरीत, पलंगाखाली, जिथे जागा मिळेल तिथे ठेवता ना, तसंच हे आहे. त्वचेखालची, विशेषतः मांड्या आणि नितंबांची चरबी ही कणगी. ती आपल्या लोकांत लहान असते आणि लवकर भरते. मग चरबी आतड्यांभोवती साठते. तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं, त्यामुळे तिथून सुटलेली मेदाम्लंही (चरबीचे सुटे घटक) आधी यकृतातच पोचतात. यकृतावर चरबी चढते आणि ते गरज नसताना साखर रक्तात सोडायला लागतं. तुमच्या सोनोग्राफीतली ती ओळ आणि उपाशीपोटीची ११२ ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. पोटावर चरबी साठणाऱ्यांना मधुमेह जास्त होतो, हे फ्रान्समधल्या जाँ वाग या डॉक्टरांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं. कारणं मात्र आपल्याला गेल्या तीसेक वर्षांत समजत गेली.

यात जनुकं येतात ती इथे. तुमच्या शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींमध्ये तीच सुमारे २०,००० जनुकं आहेत. डोळ्यातही तीच, पोटाच्या चरबीतही तीच. फरक एवढाच की कोणत्या पेशीत कोणतं जनुक किती काम करतं. शास्त्रज्ञ पोटाच्या चरबीचा छोटा तुकडा घेऊन हेच मोजतात. त्यातून पुढे आलेलं एक जनुक केएलएफ१४. ते चरबीत दुसऱ्या अनेक जनुकांचं काम कमी-जास्त करतं. आणि यात एक विलक्षण गोष्ट आहे. त्याची आईकडून आलेली प्रतच काम करते, वडिलांकडून आलेली गप्प असते. २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या बायकांमध्ये या जनुकाजवळ जोखमीचा बदल असतो त्यांच्या चरबीपेशी आकारानं मोठ्या होतात आणि चरबी नितंबांकडून पोटाकडे सरकते. पुरुषांत हा परिणाम तसा दिसत नाही. तुमच्या आईला, मावशीला आणि आता तुम्हाला, अशी ओळ बघितली की हे नाव आठवतंच. पण तुमच्यात तोच बदल आहे असं मी म्हणत नाही. मधुमेहाशी जोडलेले असे शेकडो बदल सापडले आहेत आणि त्यातला एकेकटा बदल जोखीम थोडीशीच वाढवतो.

आता भावाला हे वाचून दाखवा. जनुक आईबापांकडून मिळतं, ते बदलत नाही. पण ते चरबीत किती काम करतं हे बदलतं, आणि ते आपण बदलू शकतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात बैठं काम करणाऱ्या पुरुषांना सहा महिने व्यायाम करायला लावला. आधी आणि नंतर त्यांच्या चरबीचे नमुने तपासले. २०१३ मध्ये निष्कर्ष छापला. त्यांच्या चरबीतल्या सात हजारांहून अधिक जनुकांवरच्या रासायनिक खुणा बदलल्या होत्या; जनुक किती काम करतं हे ठरवण्यात या खुणांचा हात असतो. मधुमेहाशी सगळ्यात घट्ट जोडलेलं टीसीएफ७एल२ हे जनुकही त्यात होतं. आणि ही माणसं ठरलेल्या आठवड्याच्या तीन वेळाही येत नव्हती, सरासरी दोन वेळांच्याही खालीच येत होती. रक्तात आहे म्हणून चालायचं नाही, हे तुमच्या भावाचं गणित म्हणूनच मला अजिबात मान्य नाही. रक्तात आहे म्हणूनच चालायचं.

हाच नियम उलट्या दिशेनंही लागू आहे, आणि तुम्ही झोपेचं लिहिलंत म्हणून मला बरं वाटलं. बहुतेक लोक ते लिहीतच नाहीत. शिकागोत निरोगी तरुणांना चार रात्री फक्त साडेचार-साडेचार तास झोपू दिलं आणि त्यांच्या पोटावरची चरबी तपासली. २०१२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात चरबीपेशींची इन्सुलिनला मिळणारी दाद तब्बल ३० टक्क्यांनी घसरलेली निघाली. चारच रात्रीत, आणि तेही तरुणांमध्ये. आपल्याकडे शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की घरातली दोन माणसं बाराला उठतात, मोटार चालू करतात, तीनला पुन्हा बघून येतात. केळीला पाणी लागतंच, निसवणीच्या वेळी तर चुकवून चालत नाही. तरीही दोघांनी उठायची गरज आहे का, हे मिस्टरांशी बोला. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायची यंत्रं आता पुष्कळ शेतकरी वापरतात. तो खर्च जनुक तपासणीच्या पंधरा हजारांपेक्षा हजारपट कामाचा. उठावंच लागलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर झोपा आणि घरातल्यांना सांगा की डॉक्टरांनी सांगितलंय.

जनुक तपासणी करू नका. त्यातून जे कळेल ते तुमच्या आईच्या आजारपणानं आणि तुमच्या दुसऱ्या बाळंतपणानं आधीच सांगून ठेवलंय. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा सुमारे सातपट असते. बाळंतपणानंतर साखर नॉर्मल आली की ती गोष्ट संपली, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल किंवा कुणी काहीच सांगितलं नसेल. पण दर एक ते तीन वर्षांनी तपासायला हवी होती. यात तुमचा दोष नाही. पण तुमच्या जावा-नणंदांपैकी कुणाला असं झालं असेल तर त्यांना आजच सांगा.

पोटावरची चरबी ऑपरेशननं काढून टाकली तर, असंही कुणी सुचवेल. २००४ मध्ये अमेरिकेत लठ्ठ बायकांच्या पोटावरून लायपोसक्शननं सुमारे दहा किलो चरबी काढून बघितली. साखरेवर, इन्सुलिनवर काहीही फरक पडला नाही. ती त्वचेखालची चरबी होती, आतली तशीच राहिली. पोटाच्या पट्ट्या, घाम आणणारे बेल्ट, पडून पोट उचलायचे व्यायाम, यांनीही आतली चरबी वेगळी काढता येत नाही. भराभर चालण्यानं मात्र ती जाते, आणि वजनाचा काटा फारसा हलला नाही तरी जाते.

तर चाला. आठवड्याला १५० मिनिटं. अमेरिकेत २००२ मध्ये छापलेल्या मोठ्या प्रयोगात एवढं चालणं आणि वजनात ७ टक्के घट यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी केलं. आपल्याकडे चेन्नईच्या प्रयोगात, २००६ मध्ये, राहणीमान बदलून ते २८.५ टक्क्यांनी कमी झालं. आकडा लहान आहे, पण ती आपली माणसं होती, फारशी जाडही नव्हती, म्हणून मला तो जास्त खरा वाटतो. तुम्हाला वजनामागे लागायचं नाही. दोन-तीन किलो उतरले तरी पुरे. पहिल्या सहा महिन्यांत पोटाचा घेर तीन-चार सें.मी. कमी करायचा, हे तुमचं लक्ष्य. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर चाला. एकदम जमत नसेल तर दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं अंगणातच चाला. शिवणयंत्रावर सलग दोन तास बसू नका, अर्ध्या तासानं उठून घरात एक फेरी मारा.

चालण्याइतकंच स्नायूंचं काम हवं, आणि हे बायकांना कुणी सांगत नाही. जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त स्नायू शोषून घेतात, आणि आपले स्नायू मुळातच कमी. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली करणं, आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटं. पूर्वी पाण्याचे हंडे आणि जात्यावरचं दळण हे काम करून घेत होते. ते गेलं हे चांगलंच झालं, बायकांची पाठ वाचली, पण त्याच्या जागी काहीतरी ठेवायला लागतं.

खाण्याबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तुमचं घरचं जेवण वाईट नाही. कळण्याची भाकरी उत्तम आहे. ज्वारीत उडीद आहे, म्हणजे प्रथिनंही आहेत. भरीत खा, पण वर तेलाचा तवंग नको. बट्टी तळलेली आणि वर तूप, ती लग्नकार्यापुरती ठेवा. तिथेही बट्ट्या एक-दोन आणि वरण, वांग्याची भाजी जास्त. शेवभाजी आठवड्याची नको, महिन्याची करा. चहातली साखर अर्धी करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा अर्धी. रोज एका वेळी तरी मटकी, हरभरा, दही किंवा अंडं ताटात असू द्या. केळीच्या गावात राहून केळी सोडायची गरज नाही. एक लहान केळ, फार पिकलेलं नको, जेवणाऐवजी नको, जेवणातली अर्धी भाकरी कमी करून खा. शिकरण आणि केळीचे वेफर्स मात्र खरंच सोडा.

आता मुलगी. तिची मान घासणं आजपासून बंद करा, ताई. लिंबू, बेसन, दगड, काहीही नको. तो मळ नाही. शरीरात इन्सुलिन जास्त वाहू लागलं की मान, काख अशा ठिकाणची त्वचा जाड आणि काळसर होते. ती कितीही स्वच्छ राहिली तरी हा रंग राहणारच, आणि घासण्यानं फक्त तिला वाटत राहील की तिचंच काही चुकतंय. पंधराव्या वर्षी हे मनाला फार लागतं. शाळेत कुणी चिडवत असेल तर विचारा, पण बोलणी नको. तिच्या पोटाचा घेर मोजा, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी करून घ्या, आणि पाळी नियमित येते का ते बघा. पाळी दोन-दोन महिने चुकत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा, कारण पीसीओएसमध्येही (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार) बहुतेकदा हेच इन्सुलिनचं कारण असतं. तिला मधुमेह होणार असं ठरलेलं नाही. तुमच्यापेक्षा तिच्या हातात पंचवीस वर्षं जास्त आहेत. तिला खेळायला पाठवा, कबड्डी, खो-खो, सायकल, जे आवडेल ते, आणि दहावीच्या वर्षी बंद करू नका. कमी खा असं म्हणू नका. तिला दूध, डाळी, भाज्या भरपूर लागतात, उद्या तिच्या पोटातल्या बाळाच्या स्नायूंसाठीही. इन्सुलिन कमी झालं की मानेचा रंगही महिन्या-दोन महिन्यांत नाही, पण सावकाश उजळतो.

मिस्टरांचंही पोट मोजा. मोटारसायकलवर बागेत जाणं आणि ठिबकचे वॉल्व फिरवणं याला आता शेतकऱ्याचे कष्ट म्हणता येत नाही. ९० च्या पुढे असेल तर त्यांनीही साखर तपासावी.

गोळीचं विचारलं नाहीत, तरी सांगते. ज्यांना गरोदरपणात साखर वाढली होती आणि आता मधुमेहपूर्व अवस्था आहे, अशा बायकांत मेटफॉर्मिननं पुढच्या मधुमेहाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि चालण्या-खाण्याच्या बदलानंही तेवढंच. म्हणून मी आधी बदल करायला सांगते, पण तुमच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुचवलं तर नाही म्हणू नका. पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची एक गोळी चरबीतलीच काही जनुकं जागी करते. तिनं चरबी त्वचेखाली सरकते, वजन वाढतं आणि तरीही साखर उतरते. चरबी कुठे आहे याला किती महत्त्व आहे ते यावरून कळतं. पण ती कुणाच्या सांगण्यावरून घ्यायची गोळी नाही. ती हृदयावर ताण आणू शकते.

रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं प्रथिन एकदा तपासून घ्या. आईच्या किडन्यांचं लिहिलंत म्हणून शेवटचं विशेष सांगते. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी नको, कारण हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ६.५ किंवा वर आला, फार तहान लागू लागली किंवा कारण नसताना वजन उतरू लागलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. पोटाचं माप दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी काही खायच्या आधी घ्या आणि शिवणाच्या वहीतच लिहा. मुलीचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा.